लोडर लावलेला जुना ट्रॅक्टर पुन्हा कामास लावताना

शहापूर व मुरबाड तालुक्यांतील गावांतून फिरताना घरामागे, खळ्याच्या कडेस किंवा एखाद्या आंब्याखाली वर्षानुवर्षे उभा असलेला ट्रॅक्टर दृष्टीस पडणे आता नवीन राहिलेले नाही. पुढे लोडरचे दोन दांडे जमिनीस टेकलेले, बकेटीत पावसाचे पाणी व पालापाचोळा साचलेला, मागील टायरांतील हवा गेलेली आणि बैठकीवर कोंबड्या चढलेल्या. असे यंत्र घेताना कोणी कर्ज काढलेले असते, तर कोणी बैलजोडी विकलेली असते. ते बंद का पडले असे विचारल्यास बहुधा क्षुल्लक कारण सांगितले जाते. पंपात हवा धरली, बॅटरी उतरली, मिस्त्री वेळेवर आला नाही. मोठा बिघाड त्यानंतर झालेला असतो, आणि तो यंत्र चालविल्याने नव्हे, तर ते उभे ठेवल्याने झालेला असतो.

अशा ट्रॅक्टरच्या मालकास दोन प्रकारचे सल्ले मिळतात. भंगारवाला वजनावर भाव सांगतो. शेजारी म्हणतो, नवी बॅटरी आण, सेल्फ मार, दोन लिटर डिझेल ओत, संध्याकाळपर्यंत चालू होईल. यांपैकी दुसरा सल्ला अधिक महागात पडतो. भंगारात दिलेल्या यंत्राचे निदान चार पैसे हाती येतात; घाईने फिरविलेल्या इंजिनाचा दांडा वाकला म्हणजे पदरचे पैसे जातात आणि शेवटी यंत्रही भंगारातच जाते. जुना ट्रॅक्टर पुन्हा कामास लावणे लहान शेतकऱ्यास बऱ्याच वेळा परवडते, हे खरे आहे. परंतु ते काम दोन दिवसांचे नसून एका उन्हाळ्याचे आहे, आणि त्यात लोडरचा क्रम सर्वांत शेवटी लागतो. काही ठिकाणी तर लोडर उतरवून ठेवणे हीच खरी दुरुस्ती होय.

म्हसा येथे पौष पौर्णिमेपासून भरणाऱ्या यात्रेत बैल घेताना मुरबाडचा शेतकरी दात पाहतो, खूर पाहतो, खांद्यावरचे वण पाहतो, जनावर चालवून पाहतो, आणि तेवढ्याने समाधान न झाल्यास दुसऱ्या दिवशी पुन्हा बाजारात येतो. तोच शेतकरी ट्रॅक्टरच्या बाबतीत मात्र रंगाकडे पाहतो आणि इंजिनाच्या आवाजावर भाळतो. वास्तविक बैलाची परीक्षा करण्याची जी शिस्त त्याच्या अंगी आहे, तीच येथे लागू करावयास हवी. यंत्रालाही दात, खूर आणि खांदा असतोच.

पहिला प्रश्न सुट्या भागांचा. आपल्या देशात ट्रॅक्टरचे उत्पादन १९५९ नंतर सुरू झाले. आयशर, मॅसी फर्ग्युसन, एस्कॉर्ट्स, पुढे १९७१ मध्ये एच. एम. टी. आणि १९७४ मध्ये स्वराज, असे कारखाने एकामागून एक निघाले. मुंबईत कांदिवली येथे १९६५ पासून बी-२७५ हा ट्रॅक्टर बनू लागला, आणि त्याच घराण्यातील यंत्रे आजही अनेक ठिकाणी कामावर आहेत. जे नमुने मोठ्या संख्येने विकले गेले, त्यांच्या रिंगा, लायनर, बेअरिंग, क्लचप्लेट आजही सहज मिळतात. स्वराजचा कारखाना २००७ मध्ये महिंद्रा समूहात गेला, तरी ते यंत्र बाजारात टिकून राहिले. याउलट एच. एम. टी.चा पिंजोर येथील ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला. याचा अर्थ त्या बनावटीचा ट्रॅक्टर टाकून द्यावा असा नाही. तथापि खर्चास हात घालण्यापूर्वी मालकाने दुकानात जाऊन, आपल्यास लागणारे चार-पाच महत्त्वाचे भाग मिळतात किंवा नाही, याची खात्री करून घ्यावी. इंजिन उघडून ठेवल्यानंतर ही चौकशी करणे म्हणजे बैल विकत घेतल्यावर त्याचे दात मोजण्यासारखे आहे.

जुन्या यंत्रांना पुन्हा कामास लावण्याचा मोठा प्रयोग या देशात पूर्वी झालेला आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैन्याचे जे ट्रॅक्टर येथे शिल्लक राहिले, ते दुरुस्त करून १९४७ साली केंद्रीय ट्रॅक्टर संघटना उभी राहिली, आणि मध्य भारतातील कांस गवताने ग्रासलेल्या जमिनी त्या यंत्रांनी नांगरण्यात आल्या. पुढे १९४९ मध्ये जागतिक बँकेकडून एक कोटी डॉलरचे कर्ज शेतीच्या यंत्रांसाठी मिळाले व नवी यंत्रे आली. परंतु यंत्र आले म्हणजे काम झाले, असा अनुभव आला नाही. ते चालविणारी व सांभाळणारी माणसे शिकवावी लागली, आणि १९५५ मध्ये मध्य प्रदेशात बुदनी येथे त्यासाठी प्रशिक्षण केंद्र निघाले. सरकारला जे करावे लागले, ते आंब्याखालच्या एका ट्रॅक्टरच्या मालकास चुकणार नाही. मिस्त्री दुरुस्ती करील. पण ट्रॅक्टर पुन्हा बंद पडू न देणे हे घरातल्या माणसाचेच काम आहे.

आता इंजिनाकडे वळावे. थंड देशांतील पुस्तकांत पाणी गोठून इंजिनाचा ठोकळा फुटल्याची भीती प्रथम सांगितलेली असते. येथे ती भीती नाही. येथील शत्रू पाऊस आहे. या दोन तालुक्यांत वर्षाला अडीच हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो आणि तो बहुतेक सर्व चार महिन्यांत पडतो. ट्रॅक्टरचा सायलेन्सर आकाशाकडे तोंड करून उभा असतो. त्यावर झाकण नसल्यास पाणी नळीतून उतरते आणि ज्या सिलिंडरचा झडप योगायोगाने उघडा राहिला असेल, त्यात जाऊन साचते. पाणी दाबले जात नाही. अशा इंजिनास बॅटरी लावून सेल्फ मारला, तर वर येणारा पिस्टन पाण्यावर आदळतो व त्याचा दांडा वाकतो. ज्यास शेजारी ‘संध्याकाळपर्यंत चालू’ म्हणतो, त्या यंत्राचा शेवट पुष्कळ वेळा अशा रीतीने पहिल्या पाच सेकंदांतच होतो.

यास्तव बॅटरी आणण्यापूर्वी सर्व नोझल काढावेत. ऑइलच्या तळाचा बोल्ट थोडा सैल करून प्रथम काय येते ते पाहावे. पाणी जड असल्याने ते तळाशी असते व आधी बाहेर येते. ऑइल दुधासारखे पांढरट झाले असेल, तर पाणी आत मिसळले आहे असे समजून ते सर्व काढून टाकावे. नंतर प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल व इंजिन ऑइल समप्रमाणात मिसळून थोडे थोडे सोडावे आणि दोन-चार दिवस तसेच राहू द्यावे. त्यानंतर पुढच्या पुलीच्या नटास पाना लावून इंजिन हाताने फिरविण्याचा प्रयत्न करावा. एका दिशेस जोर न करता थोडे पुढे, थोडे मागे असे हलवावे. जाम झालेले इंजिन दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून सोडविण्याची जी पद्धत आहे, ती सर्वथा त्याज्य होय. तीत रिंगा तुटतात, लायनरवर ओरखडे पडतात, आणि जे काम हेड उघडून होण्यासारखे होते, त्यासाठी पूर्ण इंजिन बांधावे लागते. आठवडाभराने ते न हलल्यास हेड काढावे. ते काम मिस्त्रीचे आहे.

इंजिन हाताने मोकळे फिरू लागल्यावरही सर्व झडपा वरखाली होतात किंवा नाही, हे वरचे झाकण काढून पाहावे. हवेच्या फिल्टरमध्ये हात घालून पाहण्यास विसरू नये. कुंभारीण माशी तेथे मातीचे घर करते आणि उंदीर गवताचा बिछाना. तारा कुरतडण्याचे कामही उंदीरच करतात. रेडिएटरच्या जाळीत भाताचा कोंडा व धूळ इतकी बसलेली असते की, पाणी भरलेले असूनही यंत्र अर्ध्या तासात तापते. हा दोष मात्र बादलीभर पाणी व ब्रश यांनी निघतो.

डिझेलच्या टाकीत तळाशी पाणी व काळा चिकट गाळ सापडतो. जुने डिझेल गाळून पुन्हा वापरण्याचा मोह आवरावा. टाकी धुवावी, दोन्ही फिल्टर बदलावेत व मगच हवा काढावी. पंपाच्या आतील भाग एकमेकांत केसाच्या जाडीच्या लहानशा अंशाइतक्या फटीने बसविलेले असतात. त्यात पाण्याचा थेंब गेल्यास गंज धरतो. तो पंप घरी उघडणे म्हणजे घड्याळ कोयत्याने उघडणे होय. तो सोडून पंप जुळविणाऱ्या दुकानात न्यावा. याचे आणखी एक कारण आहे. गंजलेल्या पंपाचा दांडा पूर्ण डिझेल सोडण्याच्या स्थितीत अडकलेला असल्यास इंजिन चालू होताच भरमसाट वेग घेते व ते किल्लीने किंवा खेचणीने बंद होत नाही. म्हणून प्रथम चालू करताना एक माणूस हवेच्या नळीपाशी सपाट फळी घेऊन उभा ठेवावा. इंजिन पिसाळले तर हवेचे तोंड फळीने बंद करावे. हाताने किंवा कापडाने नव्हे.

पहिल्या वेळी इंजिन चालू करण्याची घटका हीच अपघाताचीही घटका असते. सेल्फची तार तुटलेली असली म्हणजे स्क्रूड्रायव्हर आडवा लावून ठिणगी पाडण्याची सवय गावोगाव आहे. असे करणारा माणूस मागील मोठ्या चाकापुढे उभा असतो, आणि ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिलेला असल्यास तो त्याच माणसावर चढतो. शिवाय अनेक वर्षे उभ्या असलेल्या यंत्राची क्लचप्लेट गंजून चिकटलेली असते. पावलाने क्लच दाबला तरी चाके सुटत नाहीत. म्हणून तारा दुरुस्त झाल्याखेरीज, चाकांना पुढे-मागे दगड लावल्याखेरीज व ब्रेक तपासल्याखेरीज इंजिनास हात लावू नये. आधी ब्रेक आणि मग इंजिन, हा क्रम उलटा वाटेल. परंतु जे यंत्र थांबविता येत नाही ते चालू करण्यात काय अर्थ आहे?

एवढे झाल्यावर लोडर. लोडर ही ट्रॅक्टरच्या जन्मापासूनची वस्तू नव्हे. ती मागाहून बसविलेली असते, आणि पुष्कळदा गावच्या वेल्डिंगच्या दुकानात बनविलेली असते. तिचा सर्व भार पुढच्या आसावर पडतो. तो आस मुळात नांगर ओढणाऱ्या यंत्राचा आहे. तेथे ओझे वाहण्याची अपेक्षाच नव्हती. पाव घनमीटर माती म्हणजे चारशे किलोंच्या घरातील वजन. त्यात बकेट व दांडे यांचे वजन मिळविल्यास पुढच्या लहान चाकांवर काय येते, याची कल्पना यावी. म्हणून लोडर लावून चाललेल्या जुन्या ट्रॅक्टरची पुढील चाके जॅकवर उचलून हाताने हलवून पाहावीत. किंगपिन व बुश झिजलेले असतात, बेअरिंगमध्ये पाणी गेलेले असते, आणि आसाला तडा गेला असल्यास तो चिखलाखाली लपलेला असतो. दांडे जेथे ट्रॅक्टरच्या अंगास बोल्टांनी धरलेले आहेत, तेथील वेल्डिंग घासून स्वच्छ करून पाहावे. रंग देण्यापूर्वी पाहावे. रंग दिल्यावर तडा दिसत नाही. जुना ट्रॅक्टर विकणारे प्रथम रंग का देतात, याचेही उत्तर त्यात आहे.

हायड्रॉलिकच्या सिलिंडरचा चकचकीत दांडा पावसात उघडा राहिल्याने त्यावर गंजाचे खड्डे पडतात. नवे सील बसविले तरी ते खड्डे त्यांना कातरतात आणि आठवड्यात तेल पुन्हा गळू लागते. अशा वेळी सीलवर पैसे घालविण्यापेक्षा दांडाच बदलावा किंवा त्यावर पुन्हा मुलामा करून घ्यावा. रबरी नळ्यांना बारीक चिरा पडल्या असल्यास त्या सर्व बदलाव्यात. या नळ्यांत प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर दीडशे किलोंहूनही अधिक दाब असू शकतो. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून निघणारे तेल कातडी भेदून आत जाते. बाहेरून फक्त ठिपका दिसतो, दुखतही नाही, आणि काही तासांत हात सडू लागतो. गळती शोधण्यासाठी बोट फिरवू नये, पुठ्ठा फिरवावा. तेल कातडीत गेले असल्याची शंका जरी आली, तरी हळद लावून घरी न बसता रोग्यास तत्काळ शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे व काय घडले ते डॉक्टरास स्पष्ट सांगावे. उचललेल्या बकेटीखाली कोणत्याही कारणास्तव जाऊ नये, हे सांगण्याची गरज नसावी. परंतु पिन ठोकण्यासाठी तेथेच बसलेला मिस्त्री गावोगाव दिसतो, म्हणून सांगावे लागते.

सर्वांत कमी समजली जाणारी गोष्ट पुढेच आहे. बहुतेक शेती-ट्रॅक्टरांचे ब्रेक फक्त मागील चाकांवर असतात. बकेट भरून वर उचलली की मागील चाके हलकी होतात. म्हणजे ओझे जितके अधिक, तितका ब्रेक कमी. सपाट खळ्यावर हे ध्यानात येत नाही. परंतु या दोन तालुक्यांत सपाट जागा थोडी; खाचरांच्या उतरंडी, वरकसाचे चढ, ओहोळाकडे उतरणाऱ्या वाटा हाच येथील मुलूख. उतारावर भरलेली बकेट घेऊन निघालेला ट्रॅक्टर चालकास थांबवता येत नाही, आणि बकेट उंच असेल तर एका चाकाखाली बांध येताच तो कुशीवर पडतो. यावर उपाय सोपा आहे. मागील जोडदांड्यांवर सिमेंटचा ठोकळा अथवा एखादे जड अवजार लावावे, मागील टायरांत पाणी भरून घ्यावे, बकेट गुडघ्याइतकी खाली ठेवून चालावे व भरलेली बकेट घेऊन उतरताना मागे मागे उतरावे. रस्त्यावर जाताना दोन्ही ब्रेकची पावले एकत्र अडकवावीत. ज्यास हा ठोकळा लावण्याचा कंटाळा आहे, त्याने लोडर ठेवू नये.

लोडरचा उपयोग तरी कशासाठी? उकिरड्यावरचे खत भरणे, सुटी माती बांधावर टाकणे, गावतळ्यातील गाळ वरकस जमिनीवर नेणे, ही त्याची खरी कामे. २०१७ पासून राज्यात गाळमुक्त धरण व गाळयुक्त शिवार ही योजना आहे, आणि तीत काढलेला गाळ शेतावर पसरण्यास लहान लोडर उपयोगी पडतो. कठीण मुरूम खोदण्याचे काम त्याचे नव्हे. दांडे वाकतात ते तेथेच. परंतु शहापूर, मुरबाड, भिवंडी या भागात लोडरास वीटभट्टीचे काम फार लवकर मिळते. रोख पैसे येतात म्हणून मालक प्रथम दुसऱ्याची माती भरतो, मग शेजाऱ्याची, आणि एके दिवशी आपल्याच खाचराची. भाताच्या खाचरातील वरची वीतभर माती पिढ्यान् पिढ्यांच्या शेणखताने व पाण्याने बनलेली असते. ती ट्रॉलीमागे काही रुपयांस गेली म्हणजे खाली उरते तो मुरूम, आणि त्यावर पाणीही ठरत नाही. दुरुस्तीचा खर्च वसूल करण्यासाठी ज्या शेतासाठी ट्रॅक्टर दुरुस्त केला तेच शेत विकणे, हा हिशेब कोणत्या शाळेत शिकवितात? ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने ट्रॅक्टरच्या दुरुस्तीविषयी सल्ला देताना हा प्रश्न मालकासमोर मांडावा. तो यंत्राच्या तांत्रिक प्रश्नाइतकाच महत्त्वाचा आहे.

ज्याची चार-सहा लहान खाचरे आहेत, त्यास चिखलणीसाठी पॉवर टिलर अधिक सोयीचा, हेही प्रांजळपणे सांगावयास हवे. लहान बांधांत मोठा ट्रॅक्टर वळत नाही व वळताना बांध मोडतो. परंतु वाडीतील आठ-दहा घरांनी मिळून एक जुना ट्रॅक्टर दुरुस्त केला, तर मळणी, खतवाहतूक व उन्हाळी नांगरट यांत तो सर्वांना पुरा पडतो. मात्र पैसा कोणी किती घातला, डिझेल कोणाचे, चालक कोण आणि बिघडल्यास खर्च कोणाचा, हे इंजिन उघडण्यापूर्वी कागदावर लिहावे; गळ्यात गळा घालून सुरू झालेली भागीदारी पहिल्या फुटलेल्या नळीवर मोडते. शासनाच्या यांत्रिकीकरणाच्या योजनांचा भर नव्या यंत्रांच्या खरेदीवर आहे. शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून डिझेल व ट्रॅक्टर मेकॅनिकचे शिक्षण घेतलेली मुले तयार होतात. आंब्याखालची यंत्रे त्यांच्या हाती देऊन त्यांना थोडे साहाय्य दिले, तर नव्या यंत्रावरील अनुदानाच्या लहानशा भागात तालुक्याची बरीच नांगरट निघेल. या सूचनेचा विचार व्हावा.

वेळेचा प्रश्न राहिला. दुरुस्तीची आठवण सर्वांना रोहिणी नक्षत्रात होते. त्या वेळी मिस्त्री मिळत नाही, दुकानात भाग मिळत नाहीत आणि पंप जुळविणारा पंधरा दिवसांची मुदत सांगतो. भाताची झोडणी आटोपली की मार्गशीर्षात नोझल काढावेत, म्हसाच्या यात्रेपर्यंत इंजिन फिरते की नाही याचा निकाल लागावा, होळीपर्यंत ब्रेक व क्लच व्हावेत आणि उरलेल्या उन्हाळ्यात लोडर. त्याच काळात नोंदणीचे कागदही पाहावेत. ट्रॅक्टरची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते व पुढे तिचे नूतनीकरण पाच-पाच वर्षांनी करावे लागते. ते व विमा नसताना रस्त्यावर अपघात झाल्यास सर्व भरपाई मालकाच्या घरादारावर येते.

मृगापूर्वी लोडर उतरवावा. तो लावून चिखलणी केल्यास पुढची चाके चिखलात रुततात व बेअरिंगमध्ये पाणी शिरते. उतरविताना जागा सपाट पाहावी, बकेट पालथी न ठेवता बुडावर टेकवावी म्हणजे दांडे कलंडणार नाहीत. मात्र तिच्या तळाच्या कोपऱ्यात पाणी निघण्यास भोक असावे. सिलिंडरचे दांडे पूर्ण आत ओढून घ्यावेत व जो भाग बाहेर राहील त्यास जाड ग्रीस लावावे. नळ्यांची तोंडे कापडाच्या बोळ्यांनी नव्हे, बुचांनी बंद करावीत. आणि आवणी उरकून ट्रॅक्टर पुन्हा आंब्याखाली उभा राहील, तेव्हा सायलेन्सरच्या तोंडावर एक पत्र्याचा डबा उपडा घालावा.